मोकळ्या खोलीत छोटी रेल्वे: रूळ आणण्याआधी करायची आखणी

घरातली एक खोली मोकळी आहे आणि तिथे छोटी रेल्वे उभी करायची आहे, असं ठरलं की हात सगळ्यात आधी रुळांकडे जातो. माझं आग्रहाचं सांगणं आहे की रूळ सगळ्यात शेवटी घ्या. मॉडेल रेल्वेचे लेआउट अर्ध्यावर पडून राहतात, ते बहुतेक वेळा हौस संपली म्हणून नाही. खोलीत नीट उभं राहायला जागा उरलेली नसते, नाहीतर गाडी घसरते तिथे हात पोचत नाही. म्हणून आखणी करताना आधी माणूस, मग गाडी आणि मग रूळ, असा क्रम धरा.

माझ्या पहिल्या लेआउटवर मुख्य स्टेशन मी भिंतीच्या बाजूला ठेवलं होतं. बोर्ड, म्हणजे रूळ बसवायची फळी, १ मीटर रुंद, आणि त्या स्टेशनातलाच एक सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा जोड) अडकायचा. तिथवर पोचताना अलीकडचे सिग्नल आणि झाडं दर वेळी कोपराखाली यायची. दोन महिन्यांत त्या स्टेशनात गाडी न्यायचंच मी सोडून दिलं. सांधा दहा मिनिटांत दुरुस्त झाला असता. चूक बोर्डाच्या रुंदीत होती, आणि ती कागदावरच दिसायला हवी होती.

खोली मोजा, आणि स्वतःलाही

मोठा आलेखकागद घ्या आणि खोली १:१० प्रमाणात काढा, म्हणजे खोलीतला १ मीटर कागदावर १० सेंटिमीटर. भिंतींची लांबी बोर्ड ज्या उंचीवर येणार आहे त्या उंचीवर मोजा, कारण जमिनीलगतचं माप आणि कमरेवरचं माप कधीकधी दोन-तीन सेंटिमीटरने वेगळं निघतं. कोपरा काटकोनात आहे का तेही पाहा: एका भिंतीवर ९० सेंमीवर खूण, दुसरीवर १२० सेंमीवर खूण, आणि दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर १५० सेंमी आलं तर कोपरा सरळ आहे. दार आत उघडत असेल तर त्याचा पूर्ण फेरा कागदावर काढा. खिडकी, स्विचबोर्ड, कपाटाचं दार, सगळं दाखवा. थेट ऊन कुठवर येतं त्याचीही खूण करा. उन्हाने रंग उडतात आणि रूळ प्रसरण पावतात.

आता स्वतःचं माप. बोर्डाला लागून उभे राहा, अंग पुढे झोकू नका, आणि हात कुठवर सहज जातो ते पाहा. बहुतेकांच्या बाबतीत हे अंतर ६० सेंमीच्या आसपास येतं. वाकून, ताणून ७५ सेंमी. यापुढे जे काही असेल ते तुमच्या हाताबाहेर गेलं असं समजा. बोर्ड जितका उंच तितकी ही पोच कमी होते. उभ्याने चालवायचं असेल तर ११० ते १२० सेंमी उंची सुरेख वाटते, गाडी जवळजवळ डोळ्यांसमोरून जाते आणि खरी वाटू लागते. खुर्चीत बसून चालवणार असाल तर ७५ ते ९० सेंमी ठीक. उभं राहायची वाट ६० सेंमीपेक्षा अरुंद करू नका, दोघं जण असणार असतील तर ७५. एवढी वाट कागदावर आखून, तिच्यावर रेघा मारून टाका. तिथे रूळ जाणार नाहीत.

गाडीने काय करायचं?

हा प्रश्न सोपा वाटतो, पण सगळा आराखडा त्याच्या उत्तरावर उभा राहतो. काहींना पाच-सहा डब्यांची गाडी सलग फिरताना बघत बसायचं असतं. त्यांना वर्तुळ लागतं, त्यात मोठी वळणं आणि गाड्या नजरेआड उभ्या करायला जागा लागते. काहींना शंटिंग आवडतं: हा वॅगन इथून काढ, तो तिथे लाव. त्यांना वर्तुळाची गरजच नाही. दोन्ही हवं असेल तर कोणतं जास्त हवं ते आधी लिहून काढा.

शंटिंगची ओढ असेल तर नवख्या माणसाने इंगलनुक नावाच्या आराखड्यापासून सुरुवात करावी, असं मी मनापासून सुचवेन. ब्रिटनमधल्या ॲलन राइट यांच्या छोट्या लेआउटवरून तो ओळखला जातो. दोन सांधे, तीन सायडिंग (डबे उभे करायचे बाजूचे रूळ), एवढंच. एका सायडिंगमध्ये ५ वॅगन मावतात, बाकी दोनमध्ये ३-३, आणि सांध्यांपुढच्या रुळाच्या तुकड्यात इंजिन अधिक ३ वॅगन. एकूण वॅगन ८. चिठ्ठ्या टाकून त्यातले ५ निवडायचे आणि निघालेल्या क्रमानेच गाडी जोडायची. ८ मधून ५ क्रमवार निवडायचे ६,७२० प्रकार होतात, म्हणजे तोच डाव परत यायला वर्षं जातील. एचओ मापात, म्हणजे खऱ्याच्या १:८७ आकारात, हे सगळं साधारण दीड मीटर लांब आणि ३० सेंमी रुंद फळीवर बसतं. मात्र वॅगनची मोजदाद अचूक हवी. ३ वॅगनच्या सायडिंगमध्ये चौथा मावला की कोडं सैल पडतं, आणि पुढचा तुकडा बोटभर आखूड झाला तर ते सुटतच नाही.

प्रमाण निवडताना हिशेब करा

जास्त चालणारी प्रमाणं तीन. एचओ म्हणजे १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. टीटी म्हणजे १:१२०, अंतर १२ मिमी. एन म्हणजे १:१६०, अंतर ९ मिमी. (ब्रिटिश डबलओ १:७६ असलं तरी ते एचओच्याच १६.५ मिमी रुळांवर चालतं. एनमध्ये ब्रिटिश मॉडेल १:१४८ ची असतात, खरेदी करताना हे लक्षात ठेवा.) याहून लहान झेड आहे, १:२२०. दिसायला मोहक, पण इतक्या हलक्या इंजिनाला रुळावरचा धुळीचा कणही थांबवतो. पहिल्या लेआउटसाठी मी ते सुचवणार नाही.

आता २० मीटर लांबीचा खरा डबा धरा. तो एचओमध्ये २३० मिमी होतो, टीटीमध्ये १६७, एनमध्ये १२५. वळणाची त्रिज्या सगळ्यात लांब डब्याच्या निदान अडीचपट ठेवावी, तिप्पट जमली तर उत्तम. खोक्यातून येणाऱ्या सेटमधली वळणं याहून बरीच घट्ट असतात, एचओमध्ये ३६० मिमीच्या आसपासची. त्यांवर गाडी चालते, पण लांब डबे बाहेर लोंबल्यासारखे दिसतात आणि उलटं ढकलताना घसरतात.

अडीचपटीने एनमध्ये त्रिज्या साधारण ३१५ मिमी येते. पूर्ण वळसा म्हणजे ६३० मिमी, दोन्ही कडांना ५-५ सेंमी मोकळे सोडले की बोर्ड ७३ सेंमी रुंद. एचओमध्ये त्याच हिशेबाने त्रिज्या ५७५ मिमी आणि बोर्ड सव्वा मीटर. हाताची पोच आठवा. ७३ सेंमीचा बोर्ड भिंतीला लावूनही मागच्या रुळाला कसाबसा हात लागतो. सव्वा मीटरचा बोर्ड भिंतीला लावताच येत नाही, त्याला दोन्ही बाजूंनी वाट लागते, आणि ३ मीटर बाय २.४ मीटरच्या खोलीत ती दुसरी वाट सगळी जागा खाऊन टाकते.

फलाटाचंही तसंच. इंजिन आणि पाच डबे एनमध्ये सुमारे ८० सेंमी होतात. दोन्ही टोकांना सांधे धरले की क्रॉसिंगची, म्हणजे दोन गाड्यांनी एकमेकींना ओलांडायची, जागा १.२ ते १.३ मीटर. हीच गाडी एचओमध्ये जवळपास दीड मीटर आणि सांध्यांसह २ मीटर. म्हणजे लहान खोलीत धावत्या प्रवासी गाड्या बघायच्या असतील तर एन घ्या. भिंतीलगत अरुंद फळीवर शंटिंग करायचं असेल तर एचओ, कारण जोडणी-तोडणी हाताला सोपी जाते आणि डोळ्यांवर ताण येत नाही.

खोलीत आकार कसा बसवायचा

मध्यभागी एकच मोठं टेबल ही पहिली कल्पना सुचते आणि लहान खोलीत ती सहसा सगळ्यात वाईट ठरते. चारही बाजूंना वाट सोडावी लागते, आणि कुठूनही पाहिलं तरी संपूर्ण वर्तुळ एका नजरेत येतं, त्यामुळे गाडी कुठेही जात नाही असं वाटतं. त्यापेक्षा बोर्ड भिंतीलगत न्या. एका कोपऱ्यात काटकोनी आकार, किंवा तीन भिंतींना धरून घोड्याच्या नालासारखा आकार. सरळ भागात ३० ते ४५ सेंमी रुंदी पुरते, फक्त टोकांना गाडी वळवून घ्यायची असेल तिथे बोर्ड रुंद होतो. माणूस मधोमध उभा राहतो आणि गाडी त्याच्याभोवती फिरते.

चारही भिंतींवरून पूर्ण फेरा हवा असेल तर दारासमोर उचलता येणारा तुकडा लागेल. खालून वाकून जायची सोय करू नका. पहिल्या आठवड्यात काही वाटत नाही, नंतर त्या खोलीत जायचाच कंटाळा येतो. तुकडा बिजागरीवर असो की पूर्ण सुटा, तो उघडला की त्याच्या दोन्ही बाजूंच्या निदान अर्ध्या मीटर रुळांचा वीजपुरवठा आपोआप बंद होईल असा स्विच बसवा. नाहीतर एक दिवस इंजिन थेट जमिनीवर जाईल.

जागा उरली तर आणखी एक स्टेशन घालू नका. त्याऐवजी दोन-तीन आडोशाच्या सायडिंग ठेवा, डोंगरामागे किंवा पडद्यामागे. तिथून गाडी येते, स्टेशनात थांबते, दुसऱ्या टोकाला दिसेनाशी होते. बाकीचं जग तिथे आहे असं वाटायला एवढं पुरतं. मात्र आडोशातल्या प्रत्येक रुळापर्यंत वरून किंवा मागून हात जायला हवा.

वर्तमानपत्रं पसरा

कागदावरचा आराखडा झाला की तो जमिनीवर खऱ्या मापात उतरवा. ही पायरी नवखी मंडळी वगळतात, आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. जुनी वर्तमानपत्रं चिकटवून बोर्डाच्या आकाराची करा आणि खोलीत पसरा. एका टाचणीला सुतळी बांधा, दुसऱ्या टोकाला पेन्सिल, सुतळीची लांबी त्रिज्येएवढी, आणि वळणं काढा. सांध्यांचे खऱ्या मापाचे छापील नमुने काही रूळ बनवणाऱ्या कंपन्या मोफत देतात. ते कापून जागेवर ठेवा. संगणकावर काम करायला आवडत असेल तर एक्सट्रॅककॅड हा मोफत आणि मुक्त प्रोग्राम आहे. पण त्यात काढलेला आराखडाही शेवटी जमिनीवर आणाच.

मग हाताशी असलेला सगळ्यात लांब डबा घ्या, तो नसेल तर तेवढ्या मापाची पुठ्ठ्याची पट्टी. पट्टीवर दोन्ही बोगींच्या (डब्याखालच्या वळणाऱ्या चाकांच्या चौकटींच्या) जागी टोकदार पेन्सिलीने भोक पाडा आणि ती भोकं वळणाच्या रेघेवर ठेवून पट्टी हळूहळू पुढे सरकवा. पट्टीचा मधला भाग रेघेच्या आत सरकतो, टोकं बाहेर जातात. एनमधल्या १२५ मिमी डब्याचा मध्य ३१५ मिमीच्या वळणावर साधारण ३ मिमी आत येतो. फलाटाची कड, बोगद्याचं तोंड, सिग्नलचा खांब यांना किती अंतर सोडायचं ते ही पट्टीच सांगते. पुढे करवत काढून बोगद्याचं तोंड रुंद करत बसण्यापेक्षा हे फार सोपं आहे.

ही वर्तमानपत्रं दोन-तीन दिवस तशीच राहू द्या. त्या खोलीत ये-जा करा, दार उघडा-मिटा. पाय वर्तमानपत्रावर पडला की तिथला बोर्ड छोटा करा.

वळण, चढ, सांधे

एका बाजूच्या वळणातून थेट उलट वळणात जाऊ नका. मधे निदान एका लांब डब्याएवढा सरळ रूळ ठेवा, नाहीतर दोन डब्यांची टोकं विरुद्ध दिशांना ओढली जातात आणि एक तरी रूळ सोडतो. लागोपाठच्या दोन सांध्यांमध्ये असं उलट वळण नकळत तयार होतं, ते शोधून काढा. वळणावर, बोगद्यात आणि बोर्डांच्या जोडावर सांधा ठेवू नका.

एका रुळावरून दुसरा नेण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. हिशेब करून बघा. एनमध्ये खालच्या गाडीला लागणारी उंची आणि पुलाची जाडी मिळून वरचा रूळ सुमारे ५५ मिमी उचलावा लागतो. २ टक्के चढ म्हणजे मीटरला २ सेंमी, तेव्हा २.७५ मीटर लांबीचा चढ हवा. उतरायलाही तेवढाच. एचओमध्ये हा आकडा ४ मीटरच्या पुढे जातो. वरचा रूळ चढत असताना खालचा थोडा उतरवला तर लांबी बरीच वाचते. ३ टक्क्यांच्या वर जायचंच असेल तर गाडी तीन-चार डब्यांचीच ठेवा. चढ एकदम सुरू करू नका. सपाटीतून चढात शिरताना गाडीच्या लांबीएवढा भाग हळूहळू उचलत न्या, नाहीतर इंजिनाचा पुढचा भाग रुळाला घासतो किंवा डबे सुटतात. पहिला लेआउट सपाट ठेवला तर मला तरी त्यात काही कमी वाटत नाही. रूळ सपाट ठेवून आजूबाजूची जमीन खालीवर केली की पूल आणि खिंड दोन्ही मिळतात.

वीज

साध्या पद्धतीत रुळाला १२ व्होल्टपर्यंत डीसी दिला जातो. व्होल्टेज वाढवलं की वेग वाढतो, दोन्ही टोकं उलटवली की दिशा बदलते. दोन इंजिनं वेगवेगळी चालवायची तर रुळांचे विभाग पाडून प्रत्येकाला स्विच लावावा लागतो. डिजिटल पद्धतीत, म्हणजे डीसीसीमध्ये, रुळात वीज कायम असते आणि प्रत्येक इंजिनातला डिकोडर फक्त आपल्या क्रमांकाची आज्ञा ऐकतो. एकच इंजिन एका वेळी चालवणार असाल तर डीसी पुरे. दोघांनी मिळून खेळायचं असेल तर डीसीसीचा खर्च सार्थकी लागतो.

कोणतीही पद्धत घ्या, आराखड्यावर एक काम आत्ताच करा. प्रत्येक मार्गाचा एक रूळ लाल पेन्सिलीने आणि दुसरा निळ्याने काढत जा. सगळीकडे फिरून येताना कुठे लाल रेघ निळीला भिडली, तर तिथे शॉर्टसर्किट होणार. गाडी वळून त्याच मार्गावर परत येते अशा वळशात आणि त्रिकोणी मार्गात हे हमखास होतं. तिथे दोन्ही रूळ प्लॅस्टिकच्या जोडपट्टीने तोडावे लागतात आणि त्या तुकड्याची दिशा वेगळी बदलावी लागते. डीसीसीत हे काम आपोआप करणारं उपकरण मिळतं. नवख्याने असा वळसा टाळलेला बरा.

बोर्डाखालून १.५ चौरस मिमीच्या दोन वायर सलग न्या आणि रुळाच्या प्रत्येक लांब तुकड्यापासून बारीक वायरी खाली आणून त्यांना जोडा. रुळांच्या जोडपट्ट्यांवर वीज वाहून नेण्यासाठी भरवसा ठेवू नका. वर्षभरात त्या सैल पडतात आणि लांबच्या टोकाला गाडी मंदावते. घरच्या विजेशी जोडलेलं काहीही स्वतः उघडून बनवू नका, तयार अडॅप्टरच वापरा.

बोर्ड आणि पहिली धाव

९ किंवा १२ मिमी प्लायवुड, खाली लाकडी पट्ट्यांची चौकट, दर ४० सेंमीला एक आडवी पट्टी. पार्टिकल बोर्ड दमटपणाने फुगतो आणि वाकतो, तो नको. आडव्या पट्ट्यांच्या जागा आराखड्यावर आधीच दाखवा, म्हणजे सांध्याच्या मोटारीखाली नेमकी पट्टी येणार नाही. पुढेमागे खोली रिकामी करावी लागू शकते, म्हणून एका माणसाला दारातून बाहेर नेता येतील असे १.२ मीटरपर्यंतचे तुकडे करून ते नटबोल्टने जोडा. लाकडाला रंगाचा एक हात सगळ्या बाजूंनी द्या, खालूनही.

आता रूळ. ३ मिमी कॉर्कच्या पट्टीवर ते आधी फक्त टाचण्यांनी बसवा. रुळांच्या टोकांमध्ये केसाएवढी फट ठेवा, उन्हाळ्यात ती लागते. प्रत्येक जोडावरून बोटाचं टोक हलकेच फिरवा, वरून आणि आतल्या कडेने. डोळ्यांना न दिसणारी पायरी बोटाला लगेच कळते, आणि बोटाला जे टोचतं त्यावर चाक चढतंच. अशा जागी बारीक कानस मारा. मग सगळ्यात सावकाश वेगात इंजिन फिरवा, नंतर पूर्ण गाडी पुढे, आणि शेवटी तीच गाडी उलटी ढकलत. उलटी ढकललेली गाडी लेआउटवरचा प्रत्येक दोष दाखवून देते. जिथे थांबेल किंवा घसरेल तिथे रुळाशेजारी चिकटपट्टीचा तुकडा लावा. एकाच तुकड्याजवळ तीनदा थांबली, तर तो रूळ उचलून परत बसवा.

निदान पंधरा दिवस अशीच चालवा, उघड्या प्लायवुडवर. डोंगर, घरं आणि खडी यांची घाई करू नका, कारण पातळ केलेल्या फेविकॉलने खडी चिकटवली की रूळ हलवणं अवघड होतं. या पंधरा दिवसांत बोर्डाखालच्या प्रत्येक वायरला चिठ्ठी लावा, ती कुठून निघते आणि कुठे जाते ते लिहून. बदललेला आराखडा नव्याने काढा आणि त्याची एक प्रत बोर्डाच्या खालच्या बाजूला चिकटवून ठेवा.